डबा कुठवर आला?

मी आजवर पुष्कळ पत्रकं काढली. टँकरच्या वेळेवर काढली, वसतिगृहातल्या पातळ आमटीवर काढली, स्मशानाच्या रस्त्यावर तर तीन काढली. पण एकाच माणसाविरुद्ध, तेही स्वतःच्या घरमालकिणीविरुद्ध, असं एकच काढलं. 'जाहीर निषेध' असा मथळा घालून ते मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, खाली पेनाने एक ओळ लिहिली, कागद दारावरून अलगद सोडवला आणि त्याच्यावर लसूण सोलत बसल्या.

चळवळीत माझा इतका अपमान पोलिसांनीसुद्धा केलेला नाही.

आम्ही भाडेकरणी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. "नाव भांड्यावर टाकतेत, मानसावर न्हाई," असं त्याच म्हणायच्या. गंमत म्हणजे त्यांच्या घरातल्या एकाही भांड्यावर त्यांचं नाव नव्हतं. त्याकडे येतेच.

मी माजलगावात खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. संघटनेने ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या शाळेचं काम दिलं होतं. माजलगाव म्हणजे धरणाचं पाणी, हिरवागार ऊस, भरलेला मोंढा. घरमालकांची मनं मात्र कोरडवाहू. प्रत्येक दारात तेच प्रश्न. नाव काय? पूर्ण नाव काय? आडनावावरून अंदाज लागेना तर, "तुमच्यात जयंती कुणाची करतात?" आणि मी सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' असायची. सात घरं फिरले, सात वेळा आत्ताच गेली. माजलगावात खोल्या एवढ्या झपाट्याने जात होत्या तर त्यांच्या दारांना कुलपं कशाची होती, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता, आजही विचारते.

आठव्या घरी मी पायरीवरच सांगून टाकलं, "मी बौद्ध आहे. आत्ताच सांगते. नंतर कटकट नको."

अंगणात एक म्हातारी सुपात शेंगदाणे पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "मी झोपाळू हाय. मी बी आत्ताच सांगते. दुपारी दोन ते चार दार वाजवायचं न्हाई."

मग त्यांनी त्यांचे प्रश्न विचारले. भाकरी थापता येते का? झोपेत दात खातेस का? आणि तिसरा, "लई घाईत असतीस का?"

"असते. घाई केल्याशिवाय समाज बदलत नाही."

"बरं. मग मागली खोली घे. तिचं दार फुगलंय, उघडायला येळ लागतो."

बाई निवृत्त नर्स होत्या. तीसेक वर्षं त्यांनी उपकेंद्रांवर काढली. आधी गेवराईकडे, मग माजलगावकडे, शेवटी आष्टीकडे. पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाल्या, "डावा दंड दाखव." मला वाटलं काही अंधश्रद्धेचा प्रकार आहे, मी लगेच वादाच्या पवित्र्यात. पण त्यांना लसीचा वण बघायचा होता. बोट फिरवून म्हणाल्या, "तलवाड्याकडची ना तू? मग ही माझीच. जरा तिरकी हाय. तू हाललीस."

"मी महिन्याची होते, बाई."

"मग मी हालले आसंल."

अर्ध्या जिल्ह्याच्या दंडावर माझी सही हाय, असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. आणि लगेच पुढचं वाक्य, तेवढंच खालच्या आवाजात: "पर तीस वरीस उंबऱ्यापतूरच गेले. जीप भाईर हॉर्न वाजवायची. मी लेकरू टोचायची, ते बोंबलायचं, मायनं चुलीवर च्या ठिवलेला असायचा, तो तसाच ऱ्हायचा. तालुक्यातली सगळी दारं मला ठावं हायेत, चूल एकबी न्हाई. किती च्या उतू गेला माझ्यापायी! आता तो प्यायला जाते."

त्यांची जात कोणती, हा गल्लीचा आवडता प्रश्न होता. विचारणाऱ्याला बाई एकच उत्तर द्यायच्या, "तुमच्यातलीच की." त्यामुळे गल्लीत किमान पाच जातींची खात्री होती की बाई आपल्यातल्या आहेत, आणि पाचही जातींचा त्यांच्यावर राग होता की आपल्यातल्या असून ही बाई असं काय करते. मी जात मानत नाही. तरी एका दुपारी, बाई झोपलेल्या असताना, मी मांडणीवरच्या भांड्यांवर टाकलेली नावं तपासली, हे कबूल करते. तांब्या कुण्या शेखांचा. परात तांड्यावरच्या कुण्या लमाण बाईची. पातेलं कुणाच्या तरी लग्नातलं, आहेर देणाऱ्या मामाच्या नावाचं. झाऱ्यावर नुसतं 'मारुती मंदिर'. सत्यशोधन समितीने हात टेकले. समितीत मी एकटीच होते.

घरात आम्ही तिघी भाडेकरणी. रुख्सानाआपा शिवणक्लास घ्यायची. सीता आष्टीकडची; तिचे आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायची. गळ्यात कायम स्टॉपवॉच. चौथ्या बाई. खोल्या चार, चूल एक, ही बाईंची अट. रोज एकीने रांधायचं, बाकीच्यांनी मुकाट खायचं. "हात धुतल्याबिगर नावं ठिवायची न्हाईत." हात धुतल्यावर मात्र पूर्ण लोकशाही.

"ही डाळ हाय का मोर्चा?" सीता मला विचारायची. "नुस्तं तिखट."

आपा सीताची भाकरी ताटावर वाजवून बघायची. "इसकू फेक के मारी तो चोर वहींच गिरता. तू पुलिस होतीच, टेन्शन मत ले."

रमजानमध्ये संध्याकाळी सीता आपासमोर स्टॉपवॉच घेऊन बसायची. "आपा, अजून चाळीस सेकंद. खजूर खाली ठिवा." बाई म्हणायच्या, हिला भरतीत न्हाई घेतलं तर मशिदीत तरी घेतील.

आता बाईंचा प्रवास. त्याला प्रवास म्हणणं हा एसटी महामंडळाचा अपमान आहे. महिन्यातून एकदा त्या दोन वायरच्या पिशव्या घेऊन निघायच्या. पिशव्यांत भांडी, त्यामुळे बाई चालल्या की वरातीसारखा आवाज. कंडक्टर विचारायचा, "बाई, कुठलं देऊ?" बाई म्हणायच्या, "ऊन चढंल तिथवरचं दे." जिथे एसटीने दोन तासांत जाता येतं तिथे जायला तीन दिवस लावायचे, हा त्यांचा नियम. मध्येच उतरायचं, चालायचं, बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, ट्रॅक्टर मिळाला तर ट्रॅक्टर, आणि संध्याकाळ होईल त्या घरी मुक्काम. "गाडी मानसाला गावात सोडती," त्या म्हणायच्या, "घरात न्हाई."

आणि पिशव्यांतली भांडी कुणाची? लोकांची. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. हा नियम मराठी मुलखात सगळ्यांच्या घरी आहे. जात, धर्म, पक्ष कसलाही असो. बाईंनी तेवढाच एक नियम धरला आणि त्याला कामाला लावलं. एका घरातून डबा आणायचा, भरून परत न्यायचा, तिथून दुसरा आणायचा. इथवर ठीक. पण बाई डबे चुकवायच्या. म्हणजे माळ्याचा डबा मुल्लाच्या घरी, मुल्लाची किटली वडाराच्या घरी. "वय झालं, इसरते," असं म्हणायच्या. कोणत्या पोराला कोणत्या साली कोणत्या दंडावर टोचलं हे सांगणारी बाई डब्याचं घर विसरते, यावर कोण विश्वास ठेवेल?

आता विचार करा. घरात परका डबा आला, भरलेला. वरचं खाऊन झालं. डब्यावर नाव आहे, वस्तीसुद्धा आहे. ठेवून घ्यावा तर चोरी. फेकावा तर भांड्याचा अपमान. रिकामा द्यावा तर आपल्या घराची अब्रू. म्हणजे कुणीतरी उठून त्यात काहीतरी घालायचं आणि ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही तिथे नाव विचारत जायचं.

ऐकायला गोड वाटतं ना? म्हणूनच मला राग यायचा. आम्ही सहभोजन घेतलं होतं. मंडप, माईक, प्रमुख पाहुणे. सवर्ण वस्तीतली मंडळी आली, फोटोला उभी राहिली, आणि अर्ध्यांना त्या दिवशी उपवास निघाला. बाईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "जेवण झ्याक. पर कोनाच्या घरचं होतं? आचारी तर जालन्याचा. आचाऱ्याच्या हातचं कोनबी खातंय, पोरी."

"मग तुमच्या डब्यांनी काय उलथणार आहे?"

"कोन म्हनलं उलथायचं हाय? डबा उलथला की खीर सांडती."

खीर हा शब्द त्यांनी उगाच काढला नव्हता. घरात राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, लसूण सोलताना, मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली होती. सांगितली म्हणजे भाषणच केलं.

आमचं गाव तलवाड्याच्या बाजूला. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमचं भीमनगर. माझी आई आणि अलीकडच्या पहिल्याच घरातली सरूमावशी, दोघींनी वीस वर्षं एका पाळीने खुरपलं, एका ओळीत कापूस वेचला. रानात एका झाडाखाली बसायच्या, भाकरी मात्र आपापली. मी आठवीत असताना आईने बुद्धपौर्णिमेची खीर पहिल्यांदाच तिच्या घरी पाठवली. नवा स्टीलचा डबा होता. वडिलांनी जत्रेत त्याच्यावर नाव टाकून आणलं होतं: कौसाबाई, भीमनगर. नुसतं नाव नको, वस्ती पण टाका, असं वडिलांनीच ठासून सांगितलं होतं. डबा घेऊन मीच गेले. संध्याकाळी तो परत आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. साखरेचा दाणा नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की खीर म्हशीच्या आंबोणात गेली.

आईने सरूबाईबरोबर खुरपायला जायचं तेवढं सोडलं आणि डबा फडताळात उपडा घातला. दहा वर्षं तो तसाच होता. माझी चळवळ त्या उपड्या डब्यापासून सुरू झाली. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, अशी शपथ मी आठवीतच घेतली होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डबा आता कुठाय?"

"आईकडे."

"हं," म्हणाल्या आणि लसणाची पुढची पाकळी उचलली.

त्यानंतर दहाएक महिन्यांनी गावच्या एका माणसाबरोबर आईने धपाटी पाठवली. त्याच डब्यात. मला आश्चर्य वाटलं, पण धपाटी गरम होती. सीताच्या घड्याळाप्रमाणे ती अकरा मिनिटांत संपली. आठवड्याने बघते तर मांडणीवर डबा नाही.

"बाई, माझा डबा?"

"गेला."

"कुठं?"

"चुकला वाटतं कुठंतरी."

मग मी पत्रक काढलं. 'एका कष्टकरी बौद्ध महिलेच्या हक्काचा डबा घरमालकवर्गाकडून परस्पर लंपास! मागणी एक: डबा तत्काळ परत करावा. मागणी दोन: तो भरलेला असावा. मागणी तीन: लेखी खुलासा द्यावा.' बाईंनी खाली काय लिहिलं ते सांगते. लसीच्या कार्डावर लिहितात तसं: 'पुढील डोस बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. चप्पल मजबूत घालून येणे.'

त्या दिवशी आम्ही निघालो. वैशाखाचं ऊन. बाईंनी नेहमीप्रमाणे ऊन चढेल तिथवरचं तिकीट घेतलं आणि कालव्याजवळ उतरल्या. पहिलं घर हमीदाभाभीचं. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो.

"कौसाबाई का डब्बा?" भाभी म्हणाली. "वो तो गया! भरवां मिरची डाल के भेजी मैं, तांडे पे. बाईच बोले थे ना, तांडे से उधर गाड़ी जाती बोल के."

मी बाईंकडे बघितलं. बाई पोरांचे दंड तपासत होत्या.

मला लगेच तांड्याकडे निघायचं होतं. बाई दुपारी दोन ते चार झोपल्या. मी चरफडत भाभीजवळ भाजी निवडत बसले. बोलता बोलता कळलं की तिच्या मोठ्या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली. कालव्याकडेच्या वाटेवर एकटीने जायला भीती वाटते म्हणून. मी या भागात वर्षभर मुलींच्या शाळेचं काम करत होते. या घरावरून तीनदा जीपने गेले होते, भोंगा लावून. आमच्या जीपलाही हॉर्न आहे, हे मला तिथे कळलं. बाईंना हे मी सांगितलं नाही. उगाच चढल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तांडा. लोक नुकतेच तोडीवरून परतले होते, दारोदार बांधाबांध सुटलेली. एका म्हातारीने बाईंना पाहिल्याबरोबर दंड उघडा करून दाखवला. "माझा न्हाई गं, तुझ्या लेकाचा दाखव," बाई ओरडल्या आणि दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या.

"डबा व्हता की," म्हातारी म्हणाली. "भीमनगर लिवलेला. म्या लाडू घातले, नातवाच्या ट्रॅक्टरवर दिला. पर ट्रॅक्टर ओढ्यापतूरच जातोय. पल्याड रस्ता कुठाय? मग त्यानं आलीकडच्या पहिल्या घरी ठिवला, पोचवा म्हनून."

ओढ्याअलीकडचं पहिलं घर कुणाचं, हे मला सांगायची गरज नव्हती. भीमनगरच्या रस्त्यासाठी मी दोन पत्रकं काढलेली. रस्ता नाही म्हणून आमचा डबासुद्धा त्या घराला शिवल्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हता.

"मी इथूनच परत फिरते," मी म्हणाले.

"फिर की. डबा तुझा, पाय तुझे. पर उलटी गाडी उद्या हाय." बाईंनी पिशवी उशाला घेतली. "सुलटी बी उद्याच हाय."

रागाच्या भरात मी विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

"मी कशाला? रस्ता काय मी न्हाई केला?"

रस्ता एकट्या बाईंनीच केला नव्हता असं नाही, कुणीच केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सुलटी गाडीही सोडून दिली आणि आम्ही चालत निघालो. गुडघे दुखतात म्हणून बाई प्रत्येक झाडाखाली बसत होत्या. त्या दिवशी झाडं नको इतकी होती. ऊन तापायच्या आत सरूबाईच्या दारात पोहोचलो. ती अंगण सारवत होती. केस पिकलेले. मला ओळखून उठली, शेणाचे हात तसेच.

मी पायरीच्या खाली उभी राहिले. "डबा द्या."

"न्हाई माझ्यापाशी. चार दिस झाले, दिला."

"कुणाला?"

"जिचं नाव हाय तिला. सोता जाऊन."

"रिकामा?" मी विचारलं. मुद्दाम विचारलं. मागे बाई चपलेतला खडा काढू लागल्या.

सरूबाईने हात पदराला पुसले. "तवा सासूनं वतली खीर. मी रानात व्हते. आले तर डबा मोरीत पडलेला. घासला. त्यात काय घालू ते कळंना. साखर घातली आसती तर 'खाल्ली' आसं झालं आसतं. भांड्यातून खोटं कशाला बोलू? म्हून रिकामा दिला."

"आणि पुढची दहा वर्षं?"

"तोंड कुठं व्हतं?" मग म्हणाली, "त्या दिशी डबा घिऊन ओढा उतरले. पल्याड गेले तर कौसाचं घर कोनतं ते ठावं न्हाई. ईस वरीस एका वळीत खुरपलं आन् घर ठावं न्हाई. इचारत गेले."

मी कार्यकर्ती आहे, नोंद ठेवते. माफी हा शब्द उच्चारला गेला नाही. आणि ओढा ओलांडायला पन्नास पावलंही लागत नाहीत.

मी वळले. भीमनगरात शिरताना दुरूनच खिरीचा वास आला. पौर्णिमेचा दिवस. आई चुलीपुढे. मला बघून तिने आधी फोन न केल्याबद्दल झापलं, मग बाईंना पाटावर बसवलं. फडताळात डबा होता. उताणा.

"काय घालून आणलं तिनं?" मी विचारलं.

"तांड्याचे लाडू फडक्यात बांधून आणले, आन् डब्यात सोताची कारळाची चटणी. खारट! सरूला हात न्हाईच कधी." मी झाकण उघडलं. खारट चटणी निम्मी संपली होती.

"पण तू धपाटी याच डब्यात कशाला पाठवलीस? दुसरे डबे नव्हते?"

"तुझ्या बाईंनीच फोन केलता, त्याच डब्यात घाल म्हनून."

मी वळून बघितलं. बाई पाटावरून भिंतीला टेकल्या होत्या आणि डोळे मिटलेले होते. दोन वाजायला अजून बराच अवकाश होता.

आईने उरलेली चटणी वाटीत काढली, डबा घासला, काठोकाठ खीर भरली, झाकण लावून पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "जा. दिऊन ये."

"मी? मी त्या घरी जाणार नाही. तू जा."

"तवा तूच न्हेली व्हतीस. आता बी तूच न्हे." आईचा हात पुढेच होता. जन्मभर मी जिच्या वतीने भांडत होते ती बाई मला पहिल्यांदा काहीतरी मागत होती, आणि ते माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

गेले. पायरीखाली उभी राहिले.

"वर ये," सरूबाई म्हणाली.

"आधी खा. माझ्यासमोर."

तिची सून दारात आली. शेजारच्या दोन बायका उगाच बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गोठ्यात म्हैस होती, तिच्याकडे माझं सारखं लक्ष. सरूबाईने झाकण काढलं. चमचा मागितला नाही. तिथेच अंगणात, सगळ्यांच्या देखत, चार बोटं खिरीत घातली आणि खाल्ली. पुन्हा घातली. मग बोटं चाटून सुनेकडे वळून म्हणाली, "साखर कमी हाय. कौसाला हात न्हाईच कधी."

मला हसू फुटलं. आवरेना. हसू ओसरलं तेव्हा मी पायरीवर बसलेली होते. कधी चढले ते मला सांगता येत नाही. शपथभंगाची जबाबदारी मी घेते.

"डबा मोकळा करा, मावशी," मी म्हणाले. "मला न्यायचाय. माजलगावला."

"मोकळा? येडी हायेस का? एकदा मोकळा दिला तर दहा वरीस निस्तरलं. ऱ्हाऊ दे हितंच. कायतरी करून घालते."

रिकाम्या हाताने परत आले. बाईंनी एक डोळा उघडला. "डबा?"

"तिथंच राहिला."

"अरारा," बाई म्हणाल्या. "म्हंजी परत यावं लागंल." आणि कूस बदलली.

आता मी त्या घरात राहत नाही. कामासाठी बीडला आले. सीता पोलिसात लागली. मागल्या खोलीत, फुगलेल्या दारामागे, कुणी नवी घाईतली मुलगी असेल. निषेधाचा कागद माझ्याकडे आहे, लसणाचा वास गेलेला नाही. ओढ्यावरचा रस्ता झालेला नाही, त्यासाठी तिसरं पत्रक काढणार आहे. आणि मागणी क्रमांक एक अद्याप प्रलंबित आहे.

आईला फोन केला की मी आधी तेच विचारते, डबा कुठवर आला? परवा म्हणाली, "तिकडंच हाय अजून. सरूला सुचंना काय घालावं ते. रोज येती इचारायला. तासभर बसती, च्या पिती, आन् डबा घरीच ठिवून येती."